फुकट आणि मुक्त



कामगार चळवळीतल्या माणसाला व्याख्यानाला बोलावले म्हणजे तो महागाई भत्ता, बोनस नाहीतर संप यांपैकी कशावर तरी बोलणार, असे श्रोते धरूनच चालतात. आज मी यांपैकी कशावरही बोलणार नाही. मी बोलणार आहे सॉफ्टवेअर, गाणे, खेळ आणि बिअर या चार गोष्टींवर. बिअरचे नाव काढताच मागे बसलेली काही मंडळी सावरून बसली, हे माझ्या नजरेतून सुटलेले नाही. त्यांची थोडी निराशा होईल. पुढे बसलेल्या माताभगिनींचीही थोडी होईल. कारण मी बिअरची जाहिरात करायला आलो नाही, तसा तिच्यावर कीर्तन करायलाही आलो नाही.

विषय मला सुचला तो एका तरुणामुळे. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचा मुलगा पुण्याला हिंजवडीत संगणकाच्या कंपनीत नोकरीला आहे. सणावाराला गावी येतो. ओसरीवर बसला की चहाच्या घोटाबरोबर त्याची मते बाहेर पडतात. तो म्हणतो, "गाणे विकत घ्यावे, भाड्याने घेऊ नये. सॉफ्टवेअर असे वापरावे की ज्याची कृती आपल्याला वाचता येईल. खेळ तो, ज्यात हरल्यावर माणूस शहाणा होतो, कंगाल होत नाही. आणि बिअर थोडी असावी, चांगली असावी, स्वतःच्या पैशाची असावी." घरातल्या वडीलधाऱ्यांना ही रिकामटेकडी बडबड वाटते. मला तशी ती वाटली नाही. मी शाळा फार शिकलो नाही. माझे शिक्षण युनियनच्या कचेरीत, मिळेल ते पुस्तक वाचून झाले. त्या शिक्षणाने मला एक सवय लावली आहे: माणूस कामावर काय बोलतो त्याच्यापेक्षा सुट्टीच्या दिवशी काय बोलतो, इकडे कान द्यायचा. या चार मतांत मला एकच धागा दिसला. तो धागा फुरसतीचा आहे.

फुरसत ही देवाने दिलेली वस्तू नाही, मित्रहो. ती मागून, भांडून मिळविलेली आहे. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि 'दीनबंधू'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांची सभा भरविली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांनी मागण्या पुढे ठेवल्या. त्यांतली पहिली मागणी पगारवाढीची नव्हती. आठवड्यातून एक दिवस सुट्टी द्या, ही होती. दुसरी होती दुपारी अर्धा तास विसाव्याची. त्यापूर्वी गिरणीत सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. एप्रिल १८९० मध्ये दहा हजार कामगारांची सभा झाली, तीत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. आणि १० जून १८९० रोजी मालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज शाळेतला पोर रविवारी उशिरा उठतो, तो लोखंड्यांच्या कृपेने उठतो. पण हे त्याला कोणी सांगत नाही.

पुढे १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते. १९४६ साली कायद्यात दुरुस्ती होऊन कारखान्यातील आठवड्याचे काम चौपन्न तासांवरून अठ्ठेचाळीस तासांवर आले. म्हणजे एक रविवार मिळवायला सहा वर्षे लागली आणि अठ्ठेचाळीस तासांच्या आठवड्याला त्यानंतर आणखी छप्पन्न वर्षे. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्याच राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा नऊ तासांवरून बारा तासांवर नेणाऱ्या दुरुस्तीला मंजुरी दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम आहेत, वरच्या तासांना जादा मजुरी आहे, कामगाराची लेखी संमती लागेल, असे सांगितले गेले. कामगाराची संमती कशी मिळविली जाते हे मी तीस वर्षे जवळून पाहिले आहे, म्हणून त्यावर अधिक बोलत नाही.

तेव्हा तास मिळविणे ही अर्धी लढाई झाली. मिळालेला तास आपल्या मालकीचा राहतो की नाही, ही उरलेली अर्धी. पहिल्या लढाईत समोर गिरणीमालक होता, तो डोळ्यांना दिसे. दुसऱ्या लढाईत समोर कोण आहे ते चटकन दिसत नाही, कारण तो हातात काही तरी फुकट ठेवूनच येतो. म्हणून मी या चार मतांचा विचार करणार आहे.

आधी सॉफ्टवेअर घेऊ. नाव मोठे आहे, पण वस्तू साधी आहे. सॉफ्टवेअर म्हणजे यंत्राला लिहून दिलेली कृती. पुरण किती शिजवायचे, कणीक किती तिंबायची, हे जसे सुगरण सांगते, तसे पुढे काय करायचे हे यंत्राला ओळीओळीने सांगितलेले असते. आता असे समजा, की बाजारात पुरणपोळी मिळते, पण तिची कृती विचारणे हा गुन्हा आहे. वेलदोडा कमी करून पाहणे हा गुन्हा आहे. शेजारणीला अर्धी पोळी देणे हाही गुन्हा आहे. बरेचसे सॉफ्टवेअर अशा अटींवर विकले जाते.

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाचा एक गृहस्थ विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत काम करीत असे. तेथे छपाईचे नवे यंत्र आले. त्यात कागद अडके आणि कोणाला पत्ता लागत नसे. जुन्या यंत्राच्या वेळी स्टॉलमनने कृतीत बदल करून, कागद अडकला की सर्वांना निरोप जाईल अशी सोय केली होती. नव्या यंत्राची कृती मागितली तर मिळेना. ज्याच्याजवळ होती त्याने ती कोणाला दाखविणार नाही असा करार केलेला. एवढ्याशा गोष्टीवरून या माणसाने १९८३ साली एक चळवळच उभी केली. तिच्या मागण्या चार: सॉफ्टवेअर हव्या त्या कामाला वापरता यावे, त्याची कृती वाचून बदलता यावी, दुसऱ्याला देता यावे, आणि बदललेलेही वाटता यावे. एखाद्या युनियनचे मागणीपत्रच म्हणा ना! १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपण लिहिलेला संगणकाचा गाभा सर्वांसमोर ठेवला. जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. त्याला लिनक्स म्हणतात. आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशात जो अँड्रॉइड फोन आहे त्याच्या पोटात हाच लिनक्स आहे.

या मंडळींची एक गंमत आमच्या तरुणाने मला सांगितली. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाचे दोन अर्थ होतात. त्यामुळे त्यांना सारखे समजावत बसावे लागते, की बाबांनो, आम्ही बोलतो ते भाषणस्वातंत्र्यातले 'फ्री', फुकटच्या बिअरमधले 'फ्री' नव्हे! मी त्याला म्हटले, अरे, आपल्या मराठीला ही अडचणच नाही. आपल्याकडे 'फुकट' वेगळे आणि 'मुक्त' वेगळे. फुकट म्हणजे ज्याचे पैसे आज मागितले नाहीत ते. मुक्त म्हणजे ज्याच्यावर तुमचाही हक्क आहे ते. मुक्त वस्तू कधी विकतही घ्यावी लागते. फुकट वस्तू पुष्कळदा बेडी असते.

बेडी म्हटले ते उगीच नव्हे. आपल्या मराठवाड्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या जातात. हंगामाआधी मुकादम उचल देतो. ज्या दिवशी उचल हातात पडते त्या दिवशी ती फुकट वाटते. घरात धान्य येते, लग्न निघते, दवाखाना होतो. पुढे नवराबायकोचा कोयता सहा-सहा महिने फडात राबतो, तेव्हा कळते की ती फुकट नव्हती. आपण आपले पुढचे दिवस आधीच विकले होते. फोनमध्ये जे जे फुकट मिळते ते याच जातीचे आहे. पैसे मागत नाहीत, कारण तुमचे दोन तास आणि तुमच्या आवडीनिवडींची नोंद त्यांना हवी असते, आणि ती ते जाहिरातदाराला विकतात. ही सुद्धा उचलच. फक्त मुकादम दिसत नाही.

मुक्त वस्तूचे उदाहरण हवे असेल तर आपल्या अक्षरांचे घ्या. पूर्वी आमच्या संघटनेचे पत्रक एका दुकानात संगणकावर जुळविले, की ते त्याच दुकानात उघडे. दुसरीकडे नेले की मराठीच्या जागी नुसत्या चिन्हांचा उकिरडा दिसे. कारण प्रत्येक कंपनीची अक्षरे तिची खाजगी. मजकूर आमचा, पण किल्ली दुकानदाराची! युनिकोड नावाची सर्वांना खुली असलेली पद्धत रुळली तेव्हा ही अडचण हटली. आज मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी घडविलेली देवनागरी अक्षरे कोणालाही वापरायला, बदलायला मोकळी आहेत. त्यांतल्या एका अक्षरवळणाचे नावच 'मुक्ता' आहे.

आणि आणखी जवळचे सांगतो. आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो नावाची वेधशाळा व्हायची आहे. एप्रिल २०२३ मध्ये केंद्र सरकारने तिला दोन हजार सहाशे कोटी रुपये मंजूर केले. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्या काटकोनात मांडायच्या आणि अवकाशातून येणाऱ्या लहरीने त्यांच्या लांबीत अणूच्या गाभ्याहूनही कितीतरी सूक्ष्म फरक पडतो तो मोजायचा, असे हे काम. अमेरिकेतील अशाच दोन वेधशाळांनी १४ सप्टेंबर २०१५ रोजी पहिली लहर टिपली. दोन कृष्णविवरे एकमेकांत विलीन झाल्याची ती खूण होती, आणि ती आपल्यापर्यंत यायला शंभर कोटींहून अधिक वर्षे लागली. ध्वनीत रूपांतर केले तर ती पाखराच्या चिवचिवाटासारखी ऐकू येते. पण मला महत्त्वाचे वाटते ते निराळेच. त्या लहरीची मोजमापे आणि ती तपासण्याची सॉफ्टवेअरे त्या शास्त्रज्ञांनी सर्वांना खुली करून ठेवली आहेत. साखऱ्याच्या शाळेतल्या मुलाने मनात आणले तर तोही ती उतरवून घेऊ शकतो. त्यासाठी त्याला कोणाची चिठ्ठी लागत नाही. औंढ्याला ती वेधशाळा उभी राहील तेव्हा आपली मुले तिच्या फाटकावर पहारेकरी म्हणूनच जाणार की आतही जाणार, हे ती आज फोनमध्ये फुकटाकडे वळतात की मुक्ताकडे, यावर पुष्कळसे अवलंबून आहे.

आता गाणे. आपला जिल्हा गाण्याच्या बाबतीत काही गरीब नाही. परंपरेने नामदेव महाराजांचे जन्मगाव मानले जाते ते नर्सी आपल्याच जिल्ह्यात. जातीने शिंपी, हातात सुई-कात्री. पण त्यांची एकसष्ट पदे शिखांच्या गुरुग्रंथसाहेबात आहेत. ना यंत्र, ना तार, ना कंपनी. तरी मराठी मुलखातल्या एका कारागिराचे गाणे पंजाबात पोचले आणि तेथे घरोघरचे झाले. कारण ते मुक्त होते. ज्याने ऐकले त्याने ते गायले, आणि गाताना नामदेवांचे नाव घेतले. गाणे मोकळे ठेवूनही गाणाऱ्याचे नाव राखता येते, हे आपल्या संतांनी अभंगातच दाखवून दिले आहे. शेवटच्या चरणात नाव असते ते उगीच नव्हे.

मग यंत्र आले. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीचा माणूस कलकत्त्यास आला आणि त्याने गौहरजान या गायिकेचे गाणे तबकडीवर उतरविले. तबकडीवर मावे तीनेक मिनिटांचे गाणे. तासभर फुलणारा राग तीन मिनिटांत कोंबावा लागला. पण गौहरजान फार हुशार. गाणे संपताच ती मोठ्याने आपले नाव उच्चारी. तबकडी कंपनीची असेल, पण गळा कोणाचा ते लोकांना कळले पाहिजे! पुढे कॅसेट आली. माझ्या तरुणपणी प्रल्हाद शिंद्यांचा आवाज प्रत्येक चहाच्या टपरीवर होता. मोठ्या कंपन्यांनी ज्यांना दारात उभे केले नसते अशा शाहिरांची, भीमगीते गाणाऱ्यांची गाणी छोट्या दुकानदारांनी कॅसेटवर काढली आणि ती वस्तीवस्तीत गेली. यंत्र वाईट नसते, मित्रहो. यंत्राची दोरी कोणाच्या हाती आहे ते पाहायचे असते.

आज फोनवर लाखो गाणी आहेत. आमचा तरुण म्हणतो की ती भाड्याची आहेत. महिन्याचे पैसे थांबले, की वर्षानुवर्षे ऐकलेले गाणे बंद. कंपनीने एखादे गाणे काढून टाकले, तर आपल्याला विचारतही नाही. घरातला जुना ट्रंकभर कॅसेटींचा साठा मात्र कोणी काढून नेऊ शकत नाही. त्याचे म्हणणे मला पटते. त्यात मी कामगाराचा मुद्दा घालतो. आपल्या चित्रपटांत वर्षानुवर्षे गीतकार आणि संगीतकार एकदाच पैसे घेऊन सगळे हक्क लिहून देत. गाणे पन्नास वर्षे वाजे, आणि लिहिणारा म्हातारपणी औषधाला महाग. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली. आता चित्रपटाबाहेर ते गाणे वाजले की मोबदल्यात या दोघांचा वाटा असतो, आणि तो वाटा त्यांना स्वतःहूनही सोडून देता येत नाही. हे कलम फार शहाणपणाचे आहे. गरजवंत माणूस सही करतो, म्हणून त्याच्या सहीपासूनच त्याला वाचवावे लागते. किमान वेतनाचा कायदाही याच तत्त्वावर उभा आहे.

आणि या सभेतल्या भगिनींना एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइटेव्हिन यांनी आपल्या सहकाऱ्यांसह गावोगाव हिंडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पहाटे दळता दळता बाया जे गात ते सगळे: सासर, माहेर, भाऊ, विठ्ठल, बाबासाहेब. त्या ओव्या आज ग्रामीण भारताच्या 'पारी' या संग्रहात कोणालाही विनामूल्य ऐकायला मिळतात. ओवीखाली ती गाणाऱ्या बाईचे नाव आहे, गाव आहे. दळणाच्या गिरण्या आल्या, बायांचा पहाटेचा घाम वाचला, हे चांगलेच झाले. पण त्यांचे गाणे घामाबरोबर वाहून जायचे, ते कोणी तरी वेळेवर ओंजळीत धरले.

तिसरी गोष्ट खेळ. आमच्या तरुणाला फोनवर आणि संगणकावर खेळायला आवडते. मी त्याला हसत नाही. विटीदांडू खेळताना आम्ही काही वेद म्हणत नव्हतो. चांगला खेळ डोके आणि हात दोन्ही तरतरीत ठेवतो. या खेळांनाही कामगारांचा इतिहास आहे, तो फार थोड्यांना ठाऊक आहे. अमेरिकेत एका मोठ्या कंपनीत हे खेळ रचणाऱ्या कारागिरांची नावे खेळावर घालीत नसत. खेळ कोट्यवधींचा, रचणारा निनावी. १९७९ साली काही जण चिडून बाहेर पडले आणि त्यांनी स्वतःची कंपनी काढली. आणखी एकाने, वॉरन रॉबिनेट त्याचे नाव, आपल्या खेळात एक गुप्त खोली करून ठेवली. जो खेळाडू चिकाटीने शोधत तिथवर जाईल त्याला तेथे रचणाऱ्याचे नाव झळकताना दिसे. कंपनीला याचा पत्ताच नव्हता! गौहरजानने तबकडीच्या शेवटी केले तेच याने केले.

ठोकळे रचण्याचा टेट्रिस नावाचा खेळ आपल्यापैकी पुष्कळांच्या मुलांनी खेळला असेल. १९८४ साली मॉस्कोत अलेक्सी पाजितनोव्ह या सरकारी संस्थेतील संगणकतज्ज्ञाने तो रचला. साऱ्या जगात तो विकला गेला. पण हक्क सरकारकडे, म्हणून त्याला स्वामित्वधन मिळू लागले ते १९९६ पासून. मालक भांडवलदार असो की कामगारांच्या नावाने चालणारे सरकार असो, कारागिराचा वाटा मागितल्याशिवाय मिळत नाही, हा धडा आमच्यासारख्या लाल झेंडा खांद्यावर घेतलेल्यांनीही लक्षात ठेवण्यासारखा आहे.

पण खेळ वेगळा आणि जुगार वेगळा. मुंबईच्या गिरणगावात १९६० नंतर मटका बोकाळला. पगाराच्या दिवशी गिरणीच्या फाटकाबाहेर आकडा घेणारा उभाच. कामगार चार आणे लावी, आठ आणे लावी, आणि कोणीतरी लखपती होई. तो कामगार नसे. तोच मटका आता रमीचे, क्रिकेटचे नाव घेऊन फोनमध्ये शिरला. फरक एवढाच, की पूर्वी फाटकापर्यंत चालत जावे लागे, आता अंथरुणातूनही लावता येतो. आमच्या कचेरीत एका सभासदाची बायको नवऱ्याची पगारचिठ्ठी घेऊन आली होती. पगार बावीस हजार, हातात पडलेले सहा. पतपेढीचे कर्ज, त्यावर फोनवरून घेतलेले कर्ज, आणि ते सगळे पत्त्यांच्या डावात गेलेले. सुरुवात कशी झाली म्हणून विचारले, तर पहिले पन्नास रुपये कंपनीनेच खेळायला फुकट दिले होते. पाहा, पुन्हा उचलच!

कायदाही या बाबतीत बरीच वर्षे चाचपडत होता. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला. तो निर्णय सिकंदराबादच्या एका क्लबात पैसे लावून बसलेल्या मंडळींच्या खटल्यातला. पुढे फोनवाल्या कंपन्यांनी त्याचीच ढाल केली. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने नवा कायदा केला. कौशल्य असो वा नशीब, पैसे लावून पैसे जिंकण्याचा खेळ फोनवरून चालविणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, असे त्यात आहे. खेळणाऱ्याला गुन्हेगार धरलेले नाही, आणि साध्या खेळांना व स्पर्धांना मोकळीक ठेवली आहे, हे दोन्ही योग्यच झाले. तथापि कायद्याने मटकाही बंद होता. कायद्याची भिंत उभी राहिली तरी घराचे दार आपणच लावायचे असते.

आता शेवटची बिअर. मागच्या मंडळींनी लक्ष द्यावे. बिअर म्हणजे मोड आणून वाळविलेले जव, हॉप नावाच्या वेलीची कडवट फुले, यीस्ट आणि पाणी. त्यात नव्वद टक्क्यांहून अधिक पाणीच. आमच्या तरुणाच्या मते आपल्या देशात बिअर चवीसाठी पीत नाहीत, चढण्यासाठी पितात, म्हणून येथे कडक बिअरचा खप मोठा. त्याचे हे मत खरे असेल. पण माझा हिशेब वेगळ्या बाजूने सुरू होतो, तो पाण्याच्या.

२०१६ चा उन्हाळा आपण कोणी विसरलेलो नाही. लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. त्याच वेळी औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत बिअरचे आणि दारूचे कारखाने चालू होते. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्या वर्षी मद्यकारखान्यांच्या पाण्यात टप्प्याटप्प्याने साठ टक्क्यांपर्यंत कपात करण्याचा हुकूम दिला. मी त्या हुकमाच्या बाजूचा होतो आणि आहे. पण त्या कारखान्यांत बाटल्या धुणारा, पेट्या उचलणारा कंत्राटी मजूरही मराठवाड्यातलाच आहे. पाणी तोडताना त्याच्या मजुरीची तरतूद कोणी केली नाही, हेही बोलले पाहिजे. दुष्काळाचा भार वाटायचा तर मालक, सरकार आणि मजूर या तिघांत वाटावा. नुसता मजुरावर टाकू नये.

दारूच्या बाबतीत कामगार चळवळीचा जगभरचा अनुभव असा, की पगार आणि गुत्ता यांच्यात अंतर ठेवावे लागते. १९४९ च्या आंतरराष्ट्रीय मजूर परिषदेच्या ठरावात, मजुरी कडक दारूच्या रूपात देऊ नये आणि दारूच्या दुकानात पगारवाटप करू नये, अशी चक्क कलमे आहेत. ज्या अर्थी कलम घालावे लागले त्या अर्थी तसे होत होते. आणि फुकटची दारू किती महाग असते हे आपण प्रत्येक निवडणुकीत पाहतो. प्रचाराच्या रात्री पाजतो तो पाच वर्षे वसूल करतो. तेव्हा बिअर "स्वतःच्या पैशाची असावी" हे त्या तरुणाचे वाक्य वरवर हलके वाटले, तरी त्यात नागरिकशास्त्राचा एक धडा आहे.

मी स्वतः पीत नाही, पण पिणाऱ्याला मी माणसातून उठवीत नाही. त्याने आपला हिशेब आपल्या घरात मांडावा, आणि त्या हिशेबाला बायकोला बसवावे, एवढेच मागतो. महाराष्ट्रात बिअरसाठी एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस वर्षांची अट आहे, ती तरी पाळा. हातभट्टीचा मोह तर कोणालाच नको. २०१५ साली मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरहून अधिक माणसे गेली, ती सगळी हातावर पोट असलेलीच होती. आणि गावात दुकानच नको असेल तर त्याचाही मार्ग आहे. २००८ च्या नियमाप्रमाणे पंचवीस टक्के महिला मतदारांनी अर्ज केला की मतदान घेता येते: उभी बाटली की आडवी बाटली. नोंदलेल्या मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांचा कौल आडव्या बाटलीला पडला तर दुकान बंद होते. महाराष्ट्रात अनेक गावांच्या बायांनी बाटली आडवी करून दाखविली आहे. ही खरी लोकशाही, आणि ती एका दिवसाची मजुरी बुडवून मिळते.

मित्रहो, चारही गोष्टी पाहून झाल्या. तात्पर्य एवढेच, की कोणतीही वस्तू हातात आली की तिला तीन प्रश्न विचारावेत. हे मला कोण देतो? बदल्यात तो काय घेतो? आणि उद्या मी नको म्हटले तर मला सुटता येईल का? तिसऱ्या प्रश्नाला "होय" असे उत्तर आले तर ती वस्तू बिनघोर घ्या, मग ती विकतची का असेना. उत्तर "नाही" आले तर ती फुकट असली तरी परवडणार नाही.

नुसते प्रश्न विचारून भागत नाही, म्हणून तीन कामे सुचवितो, तीही कमी खर्चाची. एक, गावात जेथे वाचनाची सोय असेल तेथे एक जुना संगणक ठेवावा आणि त्यात लिनक्स घालावे. ते जुन्या यंत्रावरही चालते आणि त्याला परवान्याचा पैसा लागत नाही. पुण्याहून सुट्टीला येणाऱ्या मुलांनी दोन-दोन तास देऊन गावातल्या मुलामुलींना ते शिकवावे. दुसरे, गावातल्या म्हाताऱ्या बायांच्या ओव्या, भजनी मंडळींच्या चाली फोनवर ध्वनिमुद्रित कराव्यात आणि प्रत्येक गाण्याला गाणारीचे नाव घालावे. तिसरे, ज्या घरात पैशाच्या खेळाचे कर्ज झाले आहे त्यांनी ते लपवू नये. कर्ज लपविले की वाढते. ते चारचौघांत मांडायला लाजू नका. संघटना याचसाठी असते.

आणि आमच्या त्या तरुणाला, तसेच त्याच्यासारख्या सर्वांना, माझे एक सांगणे आहे. तो मला एकदा म्हणाला होता, "काका, मते पुष्कळ आहेत हो, पण गाणे ऐकायलाही वेळ होत नाही. रात्री अकरालाही फोन येतो." मी विचारले, "मग तुमची संघटना?" तर म्हणाला, "आम्ही थोडेच कामगार?" बाळा, जो दुसऱ्याच्या घड्याळावर उठतो, ज्याची सुट्टी दुसरा ठरवितो आणि ज्याला "उद्यापासून येऊ नका" असे एका निरोपावर सांगता येते, तो कामगार. मग त्याच्या हातात कोयता असो, मागाचा धोटा असो की संगणकाचा कळफलक असो. कृती मुक्त असावी म्हणून तुम्ही लोक जगभर भांडता, ते उत्तमच आहे. पण कृती मुक्त झाली आणि ती लिहिणारा रात्री अकरापर्यंत बांधलेलाच राहिला, तर काय मिळविले? सॉफ्टवेअरच्या चार स्वातंत्र्यांत पाचवे घाला. ते १८८४ सालीच मागून ठेवलेले आहे: आठवड्यातला एक दिवस माझा.

तो दिवस तुमचा असेल तर त्या दिवशी गाणे ऐका, गाणे म्हणा, खेळा, वाचा, घरच्यांशी बोला, वाटल्यास काहीच करू नका. त्याचा जाब तुम्हाला कोणी विचारणार नाही. आपण सर्वांनी माझे बोलणे शांतपणे ऐकून घेतले, स्वतःच्या फुरसतीतला एक तास मला दिला, तोही फुकट नव्हे तर मोकळ्या मनाने.